रिफ्रेश केलं की लॉगिनचं पान का झळकतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. रिॲक्ट (वेब ॲपची पानं बनवण्याची लायब्ररी) आणि रिॲक्ट राउटर (कोणत्या पत्त्यावर कोणतं पान दाखवायचं ते ठरवणारी लायब्ररी) वापरून गृहनिर्माण सोसायट्यांच्या हिशेबाचं ॲप बनवलंय. लॉगिन नीट होतं. पण जून महिन्याच्या पावत्यांच्या पानावर रिफ्रेश केलं की क्षणभर लॉगिनचं पान दिसतं आणि मग माणूस पावत्यांऐवजी थेट डॅशबोर्डवर जाऊन पडतो. टोकन (लॉगिन झाल्याची खूण) लोकल स्टोरेजमध्ये, म्हणजे ब्राउझरमधल्या साठवणीत, ठेवलंय. लॉगआउट करून बॅक दाबलं तर जुनं पान पुन्हा दिसतं. आणि दोन टॅब उघडे असले की कधीकधी युजर आपोआप बाहेर फेकला जातो. यावर सेटटाइमआउट लावून थोडं थांबायचा उपाय केलाय, पण तो कधी चालतो, कधी नाही.

आधी तो सेटटाइमआउट काढून टाका. तुमच्या चारही तक्रारी वरवर वेगळ्या दिसल्या तरी त्यांचं मूळ एकच आहे. हा माणूस लॉगिन आहे की नाही, याचं खरं उत्तर फक्त सर्व्हरकडे असतं. ब्राउझरकडे असते ती त्या उत्तराची नक्कल. ही नक्कल कधी अजून हाती आलेली नसते, तर कधी शिळी झालेली असते. तुमचं राउटिंग मात्र ती कायम हातात आहे आणि कायम ताजी आहे असं धरून निर्णय घेतंय.

रिफ्रेश केल्यावर नेमकं काय होतं ते पाहू. पान नव्याने लोड होतं, मेमरीतलं सगळं पुसलं जातं. तुमच्या ऑथ प्रोव्हायडरमध्ये (लॉगिनची माहिती सगळ्या ॲपला पुरवणारा कॉम्पोनंट) युजरची सुरुवातीची किंमत नल, म्हणजे रिकामी, आहे. पहिल्या रेंडरला पावत्यांच्या रूटवरचा गार्ड, म्हणजे कोणाला आत सोडायचं ते ठरवणारा कोड, विचारतो, युजर आहे का? नल आहे, म्हणजे नाही. मग तो लॉगिनकडे पाठवणारा नॅव्हिगेट कॉम्पोनंट परत करतो. टोकन लोकल स्टोरेजमधून वाचायला खरं तर काहीच वेळ लागत नाही, पण तुम्ही ते प्रोव्हायडरच्या युजइफेक्टमध्ये (रेंडर झाल्यावर चालणारा कोड) वाचता. रिॲक्टमध्ये आतल्या कॉम्पोनंटचे इफेक्ट बाहेरच्यांच्या आधी चालतात. नॅव्हिगेट आत आहे, प्रोव्हायडर बाहेर. त्यामुळे पत्ता (यूआरएल) बदलायचा हुकूम आधी सुटतो आणि टोकन त्यानंतर वाचलं जातं. पुढे लॉगिनचं पान रेंडर होतं, तेवढ्यात युजर सापडतो, आणि लॉगिनच्या पानावरचा उलटा गार्ड म्हणतो, हा तर आत आलेला आहे, याला डॅशबोर्डवर पाठवा. जूनच्या पावत्यांचा पत्ता या गडबडीत कधीच हरवलेला असतो.

म्हणून लॉगिनच्या दोन नाही, तीन अवस्था धरा: 'तपासतोय', 'आत' आणि 'बाहेर'. सुरुवात कायम 'तपासतोय'पासून. या अवस्थेत गार्डने पावत्यांचं पानही दाखवायचं नाही आणि लॉगिनकडेही पाठवायचं नाही. वरची पट्टी आणि मधला रिकामा सांगाडा दाखवायचा, आणि पत्त्याला मुळीच हात लावायचा नाही. लॉगिनच्या पानावरच्या उलट्या गार्डलाही हाच नियम. उत्तर आलं की अवस्था बदलते, गार्ड पुन्हा रेंडर होतो आणि तेव्हाच काय ते ठरवतो.

ही अवस्था एकाच फील्डमध्ये ठेवा. बरेच जण युजर वेगळा आणि 'लोडिंग' नावाचं बूलियन वेगळं ठेवतात. त्यात लोडिंगची सुरुवात फॉल्सपासून होते आणि इफेक्टमध्ये ते ट्रू केलं जातं. म्हणजे पहिल्या रेंडरला पुन्हा तीच चूक: लोडिंग नाही, युजर नाही, चला लॉगिनला. दोन वेगळ्या फील्डांमुळे ज्यांना काही अर्थच नाही अशा जोड्याही तयार होतात, आणि त्या प्रत्येक गार्डमध्ये सांभाळत बसावं लागतं.

आता उत्तर आणायचं कसं. 'मी कोण' असा एक छोटा एपीआय ठेवा, ॲप सुरू होताना तो एकदा बोलवा. इथे एक बारकावा आहे आणि बहुतेक ॲप नेमकी इथेच घसरतात. हा कॉल फसला म्हणजे युजर बाहेर, असं सरसकट धरू नका. 401 आलं तर सर्व्हरने स्पष्ट सांगितलंय की मी तुला ओळखत नाही, तेव्हा अवस्था 'बाहेर'. 500 (सर्व्हरमधला बिघाड) आलं, किंवा नेटवर्कच गेलं, तर कोणीच काही सांगितलेलं नाही. पुण्याहून मुंबईला जाणारी गाडी लोणावळा सोडून घाटातल्या बोगद्यांत शिरली की रेंज जाते. तेवढ्यावरून खजिनदाराला लॉगिनच्या पानावर टाकणं आणि त्याचा अर्धा भरलेला व्हाउचर घालवणं हा त्याच्यावर अन्याय आहे. अशा वेळी 'जोडणी होत नाही, पुन्हा प्रयत्न करा' असं बटण दाखवा आणि माणूस जिथे आहे तिथेच राहू द्या.

401 आणि 403 यांतला फरकही काटेकोर पाळा. 403 चा अर्थ, तू कोण ते कळलं, पण हे पान तुझ्यासाठी नाही. अशा माणसाला लॉगिनकडे पाठवलं तर लॉगिनचं पान त्याला आत आहे म्हणून परत पाठवतं, तिथे पुन्हा 403, पुन्हा लॉगिन, आणि ब्राउझर गरगरत राहतो. त्याला 'तुम्हाला हे पाहण्याची परवानगी नाही' असं साध्या शब्दांत सांगा, आणि परवानगी कोणाकडे मागायची तेही सांगा.

रिॲक्ट राउटरच्या 6.4 आवृत्तीपासून, म्हणजे 2022 पासून, रूटला लोडर (पानाचा डेटा आधीच आणणारी फंक्शन्स) जोडता येतात. तिथे रेंडर व्हायच्या आधीच तपासून रीडायरेक्ट करता येतं, त्यामुळे पान झळकण्याचा प्रश्न बराचसा मिटतो. पण एकात एक बसवलेल्या रूटचे लोडर एकाच वेळी सुटतात. वरच्या रूटच्या लोडरमध्ये तपासणी लावली म्हणून खालच्या पावत्यांचा लोडर थांबत नाही, त्याची मागणी सर्व्हरकडे गेलेलीच असते. तेव्हा तपासणीचं एक फंक्शन लिहा आणि ज्या लोडरला गरज आहे त्या प्रत्येकात ते बोलवा.

खरोखरच लॉगिनकडे पाठवायची वेळ आली तर परतीचा पत्ता पूर्ण न्या: पाथ, क्वेरी (प्रश्नचिन्हानंतरचा भाग) आणि हॅशसकट (# नंतरचा भाग). नुसता पाथ नेला तर माणूस पावत्यांवर परत येतो खरा, पण जूनचा फिल्टर गळालेला असतो. रीडायरेक्ट करताना पुश (ब्राउझरच्या इतिहासात नवी नोंद) नाही, रिप्लेस (आधीच्या नोंदीच्या जागी नवी) वापरा. पुश केलं तर बॅक दाबल्यावर माणूस पावत्यांवर जातो, गार्ड त्याला पुन्हा लॉगिनला आणतो, आणि बॅकचं बटण निकामी होतं. लॉगिन यशस्वी झाल्यावरही रिप्लेसच. तुम्ही पुढे गूगलवरून लॉगिन देणार असाल तर राउटरच्या स्टेटमध्ये ठेवलेला पत्ता कामाला येत नाही, कारण माणूस तुमच्या साइटवरून बाहेर जाऊन वेगळ्याच पत्त्यावर परत येतो. तेव्हा तो सेशन स्टोरेजमध्ये ठेवा, त्याच टॅबमध्ये तो टिकतो. ईमेलमधल्या लिंकने लॉगिन असेल तर सेशन स्टोरेजही पुरत नाही. ती लिंक नव्या टॅबमध्ये उघडते, म्हणून पत्ता लिंकसोबतच न्यावा लागतो.

परतीचा पत्ता यूआरएलमधून येत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका. कोणीतरी तुमच्याच साइटची लॉगिन लिंक बनवतो, तिच्यात परतीचा पत्ता म्हणून स्वतःची नकली साइट घालतो आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो. सभासद तुमचं डोमेन पाहून निर्धास्त लॉगिन करतो आणि नकली साइटवर पोचतो. तिथे 'पासवर्ड चुकला, पुन्हा टाका' असं लिहिलेलं असतं. पत्ता स्लॅशने सुरू होतो का, एवढंच बघून भागत नाही. दोन स्लॅशने सुरू होणारा पत्ता ब्राउझर दुसऱ्या डोमेनचा मानतो, आणि उलटा स्लॅशही तो सरळच वाचतो. ब्राउझरचाच यूआरएल कन्स्ट्रक्टर वापरा, त्याला बेस म्हणून स्वतःचं ओरिजिन (प्रोटोकॉल, डोमेन आणि पोर्ट) द्या, आणि तयार झालेल्या पत्त्याचं ओरिजिन आपल्याशी जुळतं का ते पाहा. जुळलं नाही तर मुकाट्याने डॅशबोर्ड.

टोकन कुठे ठेवायचं, यावर माझं मत ठाम आहे. तुमचा स्वतःचा बॅकएंड आहे, ॲप ब्राउझरमध्येच चालतं, मग साधी सेशन कुकी वापरा. जेडब्ल्यूटीची (युजरची माहिती सहीसकट आतच लिहिलेलं टोकन) तुम्हाला गरज नाही. कुकी 1994 मध्ये नेटस्केपमध्ये लू मोंटुली यांनी आणली, ती याच अडचणीसाठी: एचटीटीपीला मागच्या विनंतीची आठवण नसते, ती कुठेतरी ठेवायला हवी होती. तेव्हापासून तिच्यात सुरक्षेच्या सोयी एकेक करून आल्या आहेत आणि त्या फुकट मिळतात. एचटीटीपी-ओन्ली लावलं की जावास्क्रिप्टला कुकी वाचता येत नाही. सिक्युअर लावलं की ती फक्त एचटीटीपीएसवर जाते. सेमसाइट लॅक्स असेल तर परक्या साइटवरच्या फॉर्मने केलेल्या पोस्टसोबत ती जात नाही. क्रोमने 2020 मध्ये, कुकीवर सेमसाइट लिहिलेलं नसेल तर लॅक्सच धरायला सुरुवात केली, तरी ते स्वतः स्पष्ट लिहा, सगळे ब्राउझर सारखे वागत नाहीत. आणि गेट विनंतीने डेटा कधीही बदलू देऊ नका, कारण लॅक्स कुकी साध्या लिंकवर क्लिक केल्यावर जातेच.

लोकल स्टोरेजमधलं टोकन पानावर चालणारी कोणतीही स्क्रिप्ट वाचू शकते, तुम्ही एनपीएमवरून (जावास्क्रिप्ट पॅकेजांचं भांडार) आणलेल्या पॅकेजच्या पोटातल्या पॅकेजसकट. कुकीने एक्सएसएसचा (पानात परकी स्क्रिप्ट घुसण्याचा) धोका संपतो असं मी म्हणत नाही. पानात घुसलेली स्क्रिप्ट त्या वेळी युजरच्या नावाने मागण्या करू शकतेच. पण तिला टोकन घेऊन पळता येत नाही, आणि टॅब बंद झाला की तिचा खेळ संपतो. हा फरक मोठा आहे. शिवाय आयफोनवाल्या सभासदांचा विचार करा. मार्च 2020 पासून सफारी, सात दिवसांच्या वापरात युजरने तुमच्या साइटला हात लावला नाही, तर स्क्रिप्टने लिहिलेलं स्टोरेज पुसून टाकते. सोसायटीच्या ॲपवर माणूस महिन्यातून एकदा मेंटेनन्स भरायला येतो, म्हणजे दर वेळी त्याला नव्याने लॉगिन. सर्व्हरने बसवलेल्या कुकीला हा नियम लागू नाही.

कुकी वापरताना फ्रंटएंड आणि एपीआय एकाच डोमेनखाली ठेवा. दोन वेगळ्या डोमेनवर ठेवले तर तुमचीच कुकी थर्ड-पार्टी ठरते आणि सफारी ती अडवते. इथे एक फसवी जागा आहे: गिटहब पेजेससारख्या सामायिक डोमेनखालचे दोन सबडोमेन ब्राउझरच्या लेखी दोन परक्या साइट असतात. स्वतःचं डोमेन घ्या. आणि लॉगिन झालं की सर्व्हरवर सेशनचा आयडी नवा बनवा, लॉगिनच्या आधीचा तसाच पुढे चालवू नका.

जेडब्ल्यूटी बदलणं सध्या शक्य नसेल तर निदान एवढं लक्षात ठेवा की त्यातला मजकूर गुप्त नसतो, तो फक्त बेस64 मध्ये लिहिलेला असतो आणि कोणालाही वाचता येतो. त्यातली भूमिका पाहून मेनू दाखवायला हरकत नाही, कारण मेनू चुकीचा दिसला तरी नुकसान होत नाही. त्यावरून अधिकार ठरवायचा तर सही तपासावी लागते, आणि ते काम सर्व्हरचं. आणखी एक: सभासदाचा अधिकार आज काढला तरी त्याच्या हातातलं टोकन मुदत संपेपर्यंत चालत राहतं.

दोन टॅबमध्ये युजर बाहेर का फेकला जातो, तेही या टोकनांमुळेच. तुमच्याकडे छोट्या मुदतीचं ॲक्सेस टोकन आणि लांब मुदतीचं रिफ्रेश टोकन (नवं ॲक्सेस टोकन मागण्यासाठीचं) असणार, आणि दर वापराला रिफ्रेश टोकन बदलत असणार. डॅशबोर्ड उघडला की समजा पाच मागण्या एकदम जातात. ॲक्सेस टोकन संपलेलं आहे, पाचही 401 घेऊन येतात, आणि तुमचा इंटरसेप्टर (प्रत्येक उत्तर मधेच तपासणारा कोड) पाचही वेळा रिफ्रेश मागतो. पहिल्याला नवं टोकन मिळतं, जुनं रद्द होतं. दुसरी मागणी तेच जुनं टोकन घेऊन पोचते. सर्व्हरला वाटतं, वापरून झालेलं टोकन पुन्हा आलं म्हणजे ते चोरीला गेलंय, आणि तो त्या लॉगिनची सगळीच टोकनं रद्द करतो. सर्व्हरचं वागणं अगदी बरोबर आहे, ते ढिलं करू नका. दुरुस्ती ब्राउझरच्या बाजूने करायची आहे. एका टॅबपुरतं उत्तर सोपं: रिफ्रेश चालू असेल तर त्याचा प्रॉमिस (पुढे येणाऱ्या उत्तराचा ऑब्जेक्ट) एका व्हेरिएबलमध्ये धरून ठेवा, नंतर आलेल्या मागण्यांना तोच द्या, पूर्ण झाल्यावर तो रिकामा करा. अनेक टॅबसाठी वेब लॉक्स एपीआय (एका वेळी एकाच टॅबला काम करू देणारी ब्राउझरची सोय) वापरा, 2022 पासून तो सगळ्या प्रमुख ब्राउझरांत आहे. लॉक मिळाल्यावर लगेच रिफ्रेश करू नका. आपण थांबलो होतो तेवढ्यात दुसऱ्या टॅबने नवं टोकन आणलंय का ते आधी पाहा. आणलं असेल तर तेच वापरा. रिफ्रेशच्या मागणीलाच 401 आलं तर तिथेच थांबा, नाहीतर इंटरसेप्टर स्वतःलाच बोलवत राहील. साध्या सेशन कुकीत हा अख्खा परिच्छेद गळून पडतो, म्हणून वर मी तिचा आग्रह धरला.

लॉगआउटकडे वळू. नुसतं ब्राउझरमधलं स्टेट पुसणं म्हणजे लॉगआउट नाही. सर्व्हरवरचं सेशन संपलं पाहिजे. ते झालं की राउटरने लॉगिनवर न जाता लोकेशन रिप्लेस वापरून पूर्ण पान नव्याने लोड करा. त्यामुळे मेमरीतल्या पावत्या, क्वेरी लायब्ररीची कॅश, अर्धवट भरलेले फॉर्म, सगळं एका दमात जातं. प्रत्येक स्टोअर हाताने रिकामं करायला गेलात तर एखादं हमखास राहतं. बॅक दाबल्यावर जुनं पान दिसतं ते ब्राउझरच्या बॅक-फॉरवर्ड कॅशमुळे. तो अख्खं पान चालत्या अवस्थेत गोठवून ठेवतो आणि परत आणतो. तुमचा सुरुवातीचा कोड तेव्हा चालतच नाही. पेजशो इव्हेंट ऐका, त्यात पर्सिस्टेड ट्रू असेल तर 'मी कोण' पुन्हा विचारा, आणि उत्तर येईपर्यंत मजकूर झाकून ठेवा. खाजगी माहितीच्या उत्तरांवर सर्व्हरकडून कॅश-कंट्रोल नो-स्टोअर (हे साठवू नका, असं सांगणारं हेडर) पाठवा.

सोसायटीच्या ऑफिसात एकच कॉम्प्युटर असतो, हे विसरू नका. एका टॅबमध्ये सेक्रेटरी लॉगिन आहेत. दुसऱ्या टॅबमध्ये खजिनदार येऊन सेक्रेटरींना लॉगआउट करतात आणि स्वतः लॉगिन होतात. कुकी सगळ्या टॅबांना सामायिक आहे. आता पहिल्या टॅबवर वर सेक्रेटरींचं नाव आहे, पण तिथून दाबलेलं प्रत्येक बटण खजिनदाराच्या नावाने नोंदलं जातं. हिशेबाच्या ॲपमध्ये याहून वाईट काही नाही, कारण ऑडिटच्या वेळी नोंद कोणाची यावरूनच वाद होतात. लॉगिन किंवा लॉगआउट झालं की ब्रॉडकास्ट चॅनलवरून बाकीच्या टॅबांना कळवा, आणि ऐकणाऱ्या टॅबने स्वतःला पूर्ण रीलोड करावं. टॅब पुन्हा समोर आला की 'मी कोण' विचारा आणि आयडी बदललाय का ते पाहा. पैशाची नोंद करणाऱ्या मागणीत तर पान कोणासाठी रेंडर झालं होतं तो आयडी सोबत पाठवा. सेशनच्या आयडीशी तो जुळला नाही, तर सर्व्हरने नोंद नाकारावी.

जाता जाता: पावत्यांच्या पानावर रिफ्रेश केल्यावर प्रॉडक्शनमध्ये 404 येत असेल तर त्याचा लॉगिनशी संबंध नाही. तो पत्ता फक्त तुमच्या राउटरला माहीत आहे, वेब सर्व्हरला नाही. एनजिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये ट्राय फाइल्स वापरून अनोळखी पत्त्यांना इंडेक्स फाइल द्या. एपीआयचे पत्ते मात्र त्यातून वगळा, नाहीतर चुकलेल्या एपीआयला 200 आणि एचटीएमएल मिळेल आणि तुम्ही भलतीकडेच शोधत बसाल.

आता शेवटचा आणि सगळ्यात जड मुद्दा. इथवर ब्राउझरमधल्या गार्डबद्दल जे सांगितलं ते माणसाच्या सोयीसाठी आहे, संरक्षणासाठी नाही. ब्राउझरमधला कोड युजरच्या हातात असतो. डेव्हलपर टूल्स उघडून तो अवस्था 'आत' करू शकतो, भूमिका 'खजिनदार' करू शकतो. त्याने त्याला रिकामा सांगाडा दिसला तर हरकत नाही. त्या सांगाड्यात आकडे भरून आले तर मात्र दोष सर्व्हरचा. वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवास्प या संस्थेच्या 2021 च्या टॉप टेन यादीत तुटका ॲक्सेस कंट्रोल पहिल्या क्रमांकावर आहे, आणि त्यातली कितीतरी प्रकरणं इतकी साधी असतात: पत्त्यातला पावतीचा क्रमांक एकाने वाढवला आणि शेजारच्या सोसायटीची पावती उघडली.

सर्व्हरवरची तपासणीसुद्धा एकाच दारावर ठेवून निर्धास्त होऊ नका. मार्च 2025 मध्ये नेक्स्ट जेएस या रिॲक्टवर बांधलेल्या फ्रेमवर्कमधली एक त्रुटी जाहीर झाली. फ्रेमवर्क स्वतःच्या अंतर्गत कामासाठी वापरत असलेलं एक हेडर बाहेरून पाठवलं की मिडलवेअर (मागणी पानापर्यंत पोचण्याआधी चालणारा कोड) चालायचंच नाही, मागणी सरळ आत जायची. 15.2.3 आणि 14.2.25 या आवृत्त्यांत ते दुरुस्त झालं. स्वतःच्या सर्व्हरवर ॲप चालवणाऱ्यांपैकी ज्यांनी लॉगिनची तपासणी फक्त मिडलवेअरमध्ये ठेवली होती त्यांची दुरुस्तीपर्यंत सगळी पानं उघडी होती. ज्यांनी ती डेटाबेसला विचारणाऱ्या फंक्शनमध्येही ठेवली होती, त्यांचा डेटा सुरक्षित राहिला. तुमच्या पावतीच्या डेटाबेस क्वेरीतच सोसायटीचा आयडी सेशनमधून घाला, यूआरएलमधून किंवा मागणीच्या बॉडीमधून कधीच घेऊ नका. मग एखाद्या रूटवर गार्ड लावायचा राहिला तरी परक्या सोसायटीची ओळ डेटाबेसमधून बाहेरच येत नाही.

याची चाचणी हाताने करत बसू नका. प्रत्येक एपीआय पत्त्यावर तीन मागण्या पाठवणारी एक टेस्ट लिहा: कुकीशिवाय, दुसऱ्या सोसायटीच्या सभासदाच्या कुकीने, आणि त्याच सोसायटीतल्या पण तो अधिकार नसलेल्या माणसाच्या कुकीने. पहिलीला 401 यायला हवं, दुसरीला 404, तिसरीला 403. दुसरीला 404 अशासाठी की परक्या माणसाला ती पावती अस्तित्वात आहे एवढंही कळायला नको. जे पत्ते मुद्दाम सगळ्यांसाठी खुले आहेत त्यांची छोटी यादी वेगळी ठेवा. बाकीच्या पत्त्यांची यादी हाताने लिहू नका, बॅकएंडच्या राउटरकडूनच मागून घ्या, म्हणजे कोणी नवीन पत्ता जोडला आणि तपासणी लावायची राहिली, तर बिल्ड तिथेच थांबेल.